वाळकं पान, हिरवं पान

फार जुन्या काळी एका वारुळात मुंग्या अंधारात वाटा खणत. कोणी काही बदललं की सोनुली मुंगी घरोघर निरोप देई. काय काढलं ते सांगताना वाळकं पान दाखवी, काय घातलं ते सांगताना हिरवं.

"आली पानवाली!" भिकादादा मुंगळा म्हणे. "किरकोळ दुरुस्ती झाली, एवढं सांग की!"

सगळे हसत. एके दिवशी हसण्याला भिऊन सोनुलीने तेवढंच सांगितलं.

संध्याकाळी मातीत सरसर ऐकू आली. अंडी खाणारा साप आत शिरला होता. कोणत्या वाटेने, ते कोणालाच कळेना.

"सोनुली, आज काय बदललं गं?" भिकादादाने धावत येऊन विचारलं.

सोनुलीने वाळकं पान पुढे केलं. "दादा, तुमच्या अंड्यांच्या खोलीमागचा दगड काढलाय. वारा यावा म्हणून."

तोवर सरसर त्याच खोलीत जाऊन थांबली होती.