उघड्या खिडकीतून हाक

इचलकरंजीच्या पेठेतल्या दुकानांच्या काचा शेवंता खरात बारा वर्षं एकटीच पुसत होती. मग बेडगेशेठ यंत्रं आणि गणवेशातली माणसं घेऊन उतरले आणि त्यांनी तिची गिऱ्हाइकं फोडली. उरलं फक्त मुजावर वकीलबाईंचं पहिल्या मजल्यावरचं ऑफिस. शेठ तिथेही आले.

"बाई, बादली-फडक्याचे दिवस गेले. आता घरी बसा."

"आधी माझ्यासारखी काच पुसून दाखवा, मग मला घरी बसवा," शेवंता म्हणाली.

वकीलबाईंनी दोघांना शेजारशेजारची एकेक खिडकी दिली. काम संपलं, पण सरस कोणती ते त्यांना ठरवता येईना.

शेवंता म्हणाली, "शेठ, तुमची गाडी जिन्याच्या तोंडाशीच उभी आहे. त्या उघड्या खिडकीतून ड्रायव्हरला हाक मारा. हरणाऱ्याला जायला वाट तर हवी!"

"तुमच्यासाठी एवढं करतो की!" शेठ हसले. तडक शेवंताच्या खिडकीशी गेले, डोकं बाहेर काढायला वाकले आणि त्यांचं कपाळ काचेवर ठाणकन आपटलं.

"दोन्ही खिडक्या बंदच आहेत, शेठ," शेवंता म्हणाली. "माझी काच तुम्हाला दिसली नाही, एवढंच."

वकीलबाई उठल्या आणि त्यांनी शेठसाठी स्वतः दार उघडलं.