कमानीवर जळणारी भिंत

घाटातल्या एका गावाच्या वेशीवर पहिली कमान झाली, तेव्हाची गोष्ट. वेशीबाहेरचा डोंगर अडवून धरणारी दगडी भिंत त्या कमानीवर जळू लागली. "डोंगर मी धरायचा आणि हार हिच्या गळ्यात! माझ्या अंगावर नुसती डोंगराचं पाणी गळायची भोकं!"

तिची रोजची कटकट ऐकून सरपंच तुळाजीराव म्हणाले, "ती भोकं बुजवा, रंग द्या, वर माझं नाव घाला." भिंत कमानीकडे बघून फुशारली.

आषाढात डोंगर कळवळला, "पोटात पाणी मावेना गं, वाट दे!"

"थांब जरा. रंग उडाला तर ती कमान हसेल मला."

तासाभरात भिंत चिखलासकट कमानीखालून गावात शिरली. सरपंचांच्या नावाचा दगड मिरवत सगळ्यात पुढे होता.