घंटेवरचं नाव

देवळाच्या सभामंडपात पंचायत बसली होती. इनामदारांनी हौसाच्या घरातून उचलून आणलेला तांब्याचा हंडा पंचांपुढे आपटला. “यावर माझ्या वडिलांचं नाव कोरलंय. ही चोर आहे! आणखी कसला पुरावा हवा?”

हौसाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “तुमच्या वडिलांनीच माझ्या लग्नात आहेर केला होता. आहेराच्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव असतंच की!”

“ज्याचं नाव, त्याची वस्तू!” इनामदार गरजले.

हौसाने वर टांगलेल्या घंटेकडे बोट दाखवलं. “तिच्यावरही तुमच्या वडिलांचंच नाव आहे. मग आधी देवाला चोर ठरवा, नंतर मला!”

पंचांनी हंडा तिच्यापुढे सरकवला. हौसाने हातही लावला नाही.

“ज्यांनी उचलून आणला, त्यांनीच डोक्यावर घेऊन घरी पोचवावा.”