जावई दोर

एकदा एक म्हातारा तांडेल होता. गलबतं हाकण्यात जन्म गेला, पण खोड्या काही सुटल्या नाहीत. त्याच्या हाताखाली गोमा नावाचा गडी शिकून तयार झाला होता. नवं गलबत गोमाच्या ताब्यात द्यायचं की नाही, ते म्हातारा आज ठरवणार होता.

निघायच्या आधी गोमा म्हणाला, "मामा, माणसं सगळी घेतो, फक्त हिरूकाका नको. बाकीचे राबतात, तो बसून तंबाखू मळतो. जावई आहे काय?"

"बरं बाबा," म्हातारा गालात हसला. "आधी एक फेरी मारून दाखव."

गलबत बंदराबाहेर पडलं. डोलकाठीला दोन्ही अंगांनी आधाराचे दोर बांधलेले. वाऱ्याकडचा दोर ताठ, पलीकडचा आपला लोंबतोय. म्हातारा उठला, तो ढिला दोर सोडला, त्याची चुंबळ केली नि तिच्यावर ऐसपैस बसला.

"मामा, हे काय?"

"जावई काढला. नुसता बसून होता."

गोमाला हसू आलं. गलबतही मजेत पळत होतं. मग समोर खडक दिसायला लागले.

"फिरव आता," म्हातारा म्हणाला.

गोमाने सुकाणू धरलं आणि वर डोलकाठीकडे पाहिलं. गलबत फिरवलं की वारा दुसऱ्या अंगाने येणार, आणि त्या अंगाला डोलकाठी धरायला काहीच नाही. काठी मोडून पाण्यात जाणार. न फिरवावं तर खडक.

"मामा, उठा! दोर बांधा!"

"कुठला रे?"

"तुमच्या बुडाखालचा!"

"त्याचं काय काम? तो तर जावई."

"मामा, पाया पडतो!"

म्हाताऱ्याने झटक्यात दोर बांधला. गोमाने गलबत फिरवलं. शीड फडफडत पलीकडे गेलं, मघाचा ढिला दोर करकरत ताणला गेला, आणि ताठ होता तो लोंबायला लागला.

म्हाताऱ्याने त्या लोंबत्या दोराकडे बोट केलं. "आता याला सोडू? गोम्या, दोर ढिला दिसला म्हणून आळशी नसतो. वारा त्याच्या बाजूचा नसतो, एवढंच. मागच्या तुफानात शीड उतरवायला काठीवर कोण चढलं होतं? हिरूच ना? तू तर खाली ओकत होतास."

किनाऱ्याला लागल्यावर गोमा घरी न जाता सरळ हिरूच्या ओट्यावर गेला.

"हिरूकाका, माझ्या गलबतावर येता ना?"

"तुझ्या? दिलं काय म्हाताऱ्याने?"

"तुम्ही येणार असाल तर देतो म्हणाला."

हिरूने सावकाश तंबाखू मळली. "येतो. पण बसायला चांगली जागा ठेव हां."

"ठेवतो," गोमा म्हणाला. "ढिल्या दोराशेजारी."