दीपगृहाचा नारळ

दगडविटांनाही वाचा होती, त्या काळची गोष्ट. भर समुद्रात एक ओसाड, खडकाळ बेट होतं. तिथे एक दीपगृह होतं आणि कुरव पक्ष्यांची मोठी वस्ती होती.

एकदा दीपगृह खेकसलं, "काय हा कलकलाट! तोंडं बंद ठेवा जरा. हे बेट लोक माझ्यामुळे ओळखतात, तुमच्यामुळे नाही."

धवली नावाच्या कुरवीच्या अंगाचा तिळपापड झाला. "तुझी पहिली वीट यायच्या आधीपासून आमची घरटी आहेत इथे! पण ठीक आहे, राहतो गप्प."

दुसऱ्या दिवशी पहाटे दाट धुकं पडलं. दीपगृहाचा उजेड त्यात पार बुडाला. इतक्यात वल्ह्यांचा आवाज आला. एक होडी थेट खडकाकडे येत होती.

"होऊ दे त्या दीपगृहाची फजिती," बाकीचे कुरव कुजबुजले.

"आणि त्या माणसांनी आपलं काय घोडं मारलंय?" धवली कडाडली आणि जिवाच्या आकांताने ओरडू लागली. मग सगळेच ओरडले.

"पाखरं ओरडतायत, पुढे खडक आहे! वळवा होडी!" म्हातारा तांडेल गरजला, आणि होडी वाचली.

धुकं विरलं. तांडेलाने रिवाजाप्रमाणे नारळ सोडला, हात जोडले, तेही दीपगृहालाच. "बाबा, तू आहेस म्हणून वाचलो!"

दीपगृह ताठ उभं राहिलं.

"आम्हाला गप्प करताना तोंड चाललं," धवली त्याच्याभोवती घिरट्या घालत किंचाळली, "आणि खरं सांगायची वेळ आली तशी दातखीळ बसली?"

कुरव अजूनही तिथे तसेच ओरडतात. लोकांना वाटतं, माशांवरून भांडतायत.