भिंत सरकली तेव्हा

कागदावरची घरं नुकती कॉम्प्युटरमध्ये राहायला आली होती, तेव्हाची ही गोष्ट. एका घराच्या आराखड्यात एक भिंत होती आणि तिच्यात एक लहानशी खिडकी. एकदा आर्किटेक्ट इंदुमतीबाई म्हणाल्या, "या घरातल्या आजोबांची चाकाची खुर्ची इथे वळणार नाही. ही भिंत बाहेर सरकवू या."

खिडकी रडवेली झाली. "भिंतताई, कागदावर भिंत पुसून दुसरीकडे काढली, की आम्हा खिडक्यांना तिथे न्यायचं राहून जायचं. आता माझं काय होईल?"

"वेडाबाई, तिथे आपण नुसत्या रेघा होतो. इथे तू माझी खिडकी आहेस, हे कॉम्प्युटरला ठाऊक आहे."

भिंत सरकली. खिडकीने भीतभीत तावदानं उघडली.

"भिंतताई, अंगणातलं लिंबाचं झाड जवळ आलं!"

"झाड तिथेच आहे गं. आपण दोघी त्याच्याजवळ आलो."