बाईंच्या हाती दिलेले माहितीपत्रक

एका गावी एकदा एक वयोवृद्ध मुद्रक राहत होते. शिशाचे खिळे जुळवून केलेल्या छपाईपासून संगणकापर्यंत सारे पाहिलेले. गाव त्यांना तात्या म्हणे. त्यांच्याकडे एक तरुण शिष्य होता. हुशार, पण स्वतःच्या कामावर भारी खूश!

गावातल्या कर्णबधिर मुलांच्या शाळेला माहितीपत्रक छापायचे होते. या वर्षी मुले आली नाहीत, तर शाळा बंदच पडणार होती. अशी शाळा आहे, हेच वाड्यावस्त्यांवरच्या आईबापांना ठाऊक नव्हते. शाळेची ऐपत ती काय? शिष्याने फुकटची तीन सॉफ्टवेअर शोधली. एक फोटो सजवण्याचे, एक चित्र रेखाटण्याचे, एक पाने जुळवण्याचे. तिन्हींत एकेक नमुना केला. पहिला तर असा देखणा, की बघत राहावे.

"तात्या, यातलं कुठलं घेऊ?"

तात्यांनी नमुन्यांकडे पाहिलेसुद्धा नाही. शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंना बोलावून त्यांनी संगणकापुढे बसवले आणि शिष्याला म्हणाले, "तू ओसरीवर थांब. बोलायचं नाही."

आता हे काय भलतेच! शिष्य खिडकीला डोळे लावून उभा राहिला.

आत तात्या म्हणाले, "बाई, शाळेचा फोन नंबर बदललाय असं समजा. तिन्हींत नवा घाला बरं."

पहिल्यात अक्षरे फोटोतच मुरली होती. बाई नंबर पुसायला गेल्या, तर मागच्या हसऱ्या मुलाचा चेहराच पुसला गेला. दुसऱ्यात अक्षरांच्या नुसत्या रेषा झालेल्या; आकडा खोडून नवा लिहिताच येईना. तिसऱ्यात मात्र मजकुरावर क्लिक केले, नंबर लिहिला आणि बाई चक्क हसल्या.

शिष्याला राहवेना. तो आत आला. "पण तात्या, पहिलाच सुंदर आहे! बदल करायला मी आहेच की."

"आणि तू शहरात गेल्यावर? अरे, एखादी आई तुझं सुंदर पत्रक हातात धरून जुना नंबर लावत बसेल. उचलणार कोण? बाईंना दरवेळी तुझं दार ठोठावावं लागलं, तर ते फुकट कसलं? आपल्या माघारीही दुसऱ्याचा हात ज्यात चालतो, ते साधन निवडावं. सौंदर्य घाल की त्यातही, कोण नको म्हणतंय?"

शिष्य वरमला. आपल्यावाचून बाईंचे अडावे, असे त्याला मनातून वाटत होते खरे. त्याने पहिल्यातला हसरा मुलगा तिसऱ्यात नीट बसवला आणि खुर्ची सोडली. "बसा बाई. अजून काही राहिलंय का, तुम्हीच बघा."

बाईंनी खुर्चीत बसून पान वरपासून खालपर्यंत वाचले. मग नंबरखाली एकेक अक्षर शोधत त्यांनी लिहिले, 'फोन नसेल तर नुसते लेकराला घेऊन या.'

ही ओळ शिष्याला जन्मात सुचली नसती. त्याने तिची अक्षरे तेवढी मोठी केली.